निर्वासित मुलांसाठी पुस्तकं: घराचा माळा आवरण्यापूर्वी एवढं वाचा

दिवाळी आटोपली की शरणपूर रोडला तिबेटी मार्केटात स्वेटर टांगलेले दिसायला लागतात. नाशिककर तिथे दरवर्षी घासाघीस करतो, शंभर-दोनशे रुपये कमी करून घेतो आणि घरी येऊन "तिबेटचा स्वेटर" म्हणून मिरवतो. स्वेटर बहुतेक लुधियानाचे असतात. विकणारी माणसं मात्र खरोखरच तिबेटी. १९५९ मध्ये आणि त्यानंतर देश सोडून आलेल्यांची मुलं, नातवंडं. हिवाळाभर इथे, एरवी कुठल्या तरी वसाहतीत.

निर्वासितांचा हा बाजार ज्या रस्त्यावर भरतो त्याचं नावच शरणपूर आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती वसवली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार अडवायचं. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली काही शरणपूरला यायची. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्याबरोबर असलेल्या जेकबने दफनाच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरलं. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. गोदावरीकाठी शिकलेली अक्षरं अशी कुठच्या कुठे गेली.

मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तिच्यात काहीतरी खुपतंही. जेकब वेनराइट हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. भाषा, धर्म, पुस्तक, नाव, सगळं देणाऱ्याच्या कपाटातून आलेलं. दीडशे वर्षांनंतर आपण "गरजू मुलांना पुस्तकं द्यायची आहेत" म्हणतो तेव्हाही बहुधा आपलंच कपाट उघडतो. मुलाला काय हवंय हा प्रश्न पुस्तकांची खोकी भरून झाल्यावर आठवतो.

निर्वासित कोणाला म्हणायचं?

बोलताना आपण निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, स्थलांतरित हे शब्द एकाच पोत्यात भरतो. कायद्याच्या भाषेत ते वेगळे आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या समाजगटात असल्यामुळे छळ होईल या सार्थ भीतीने जो स्वतःच्या देशाबाहेर आलाय आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली आहे. देशातल्या देशात घर सोडावं लागलं तर तो विस्थापित. कामासाठी गाव सोडलं तर स्थलांतरित.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून कोणाला काय मिळणार हे तो कुठून आला यावर ठरतं. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची व्यवस्था सरकार थेट पाहतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक बरेचदा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नाव नोंदवतात. मदत पाठवणाऱ्याला याचं काय? फार आहे. तिबेटी वसाहतीत शाळा असते, कार्यालय असतं, पार्सल घ्यायला माणूस असतो. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ नोरग्येलिंग नावाची अशी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे, आपल्याच राज्यात. शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अफगाण कुटुंबाला पार्सल घ्यायला पत्तासुद्धा पक्का नसतो.

आकडे एकदाच सांगतो. २०२४ अखेर जगभरात १२ कोटींहून जास्त माणसं बळजबरीने घराबाहेर पडलेली होती. महाराष्ट्राची लोकसंख्याही जवळपास तेवढीच. त्यांत दर दहांत चार मुलं. शाळेच्या वयाची निर्वासित मुलं पाहिली तर जवळपास निम्मी शाळेबाहेर.

आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातलंच पाहायचं तर द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठकडून दिंडोरी-निफाडला येणारी कुटुंबं. गोडी छाटणी, डिपिंग, थिनिंग, मग काढणी. मुलं बागेच्या कडेला, पाल ठोकलेलं असेल तिथे. ही मुलं निर्वासित नाहीत, तसं म्हणूही नये. पण शाळा मागे सुटलेली, घरची बोली वेगळी, उद्या कुठे असू याचा भरवसा नाही, एवढं त्यांचंही तसंच असतं. माझा सगळा अनुभव याच मुलांमधला आहे. छावण्यांबद्दल खाली जे लिहितोय ते वाचलेलं.

खोक्यात काय निघतं

आम्ही काही जणांनी या मुलांसाठी पहिल्यांदा पुस्तकं गोळा करायचं आवाहन केलं तेव्हा चार दिवसांत एका मित्राचं गॅरेज भरलं. नाशिक वाचणाऱ्यांचं गाव आहे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे इथे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या शंभर पुस्तकांच्या पेट्या इथूनच देशोदेशी गेल्यात. तेव्हा उत्साहात कमी नव्हती. मग आम्ही खोकी उघडली. दहावीचे जुने डायजेस्ट. स्पर्धा परीक्षेचे सराव-संच, पेन्सिलीने सोडवलेले. बँकेच्या कोऱ्या डायऱ्या, वर्ष उलटलेल्या. एका ज्ञानकोशाचा फक्त तिसरा खंड. "चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट" लिहिलेलं पाककृतीचं पुस्तक. शेअर बाजारात श्रीमंत कसं व्हावं, याच्या तीन प्रती. सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावं असं किती? दोन पिशव्या भरल्या नाहीत.

राग कोणावर धरायचा? माणसांनी मनापासून दिलं होतं. चूक आमच्या आवाहनात होती. "जुनी पुस्तकं द्या" म्हटलं तर जुनी पुस्तकंच येणार. पुढच्या वेळी आम्ही लिहिलं: चित्रं असलेली, एका पानावर पाच ओळींहून कमी मजकूर असलेली, पानं सुटी न झालेली, तुमच्या नातवाला आज वाचून दाखवाल अशी. पुस्तकं एक दशांशावर आली आणि जवळजवळ सगळी कामाची निघाली. बाकीचं पहिलं गॅरेज रद्दीत गेलं. त्या पैशातून आम्ही खडू आणले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हीच अडचण फक्त मोठ्या वजनाची होते. श्रीमंत देशातून गरीब देशात जहाजाने पुस्तकं येतात, भाडं, कस्टम, गोदाम यांवर पैसा जातो आणि शेवटी छावणीतल्या शिक्षिकेच्या हाती परक्या देशातल्या बर्फाची आणि नाताळच्या टर्कीची गोष्ट पडते. ब्रिटनमध्ये १९५४ पासून पुस्तकं पाठवणारी बुक एड इंटरनॅशनल ही संस्था आज नवी कोरी पुस्तकं पाठवते, आणि तिकडच्या ग्रंथपालांना काय हवं ते विचारून पाठवते. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्यांनी शेवटी हा रस्ता धरलाय.

भाषेचा गुंता

समजा, तुमच्याकडे उत्तम पुस्तकं आहेत आणि पोचवायची सोयही आहे. भाषा कोणती?

बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्यांच्या छावण्या आहेत. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांवर माणसं म्यानमारमधून तिथे आली, त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. आपल्याला वाटेल, बंगाली पुस्तकं पाठवावीत. रोहिंग्या बोली चितगावच्या बोलीच्या जवळची आहे, तेव्हा जमून जाईल. पण ती प्रमाण बंगाली नव्हे. शिवाय ही माणसं कायमची राहणार असा अर्थ निघू नये म्हणून बांगलादेश सरकारने छावण्यांत बंगाली अभ्यासक्रम शिकवायला परवानगी दिली नाही. मग बर्मी? २०२१ अखेरीपासून म्यानमारचा अभ्यासक्रम तिथे सुरू झाला, पण बर्मी ही मुलाच्या घरातली भाषा नव्हे. मग रोहिंग्यातच का नको? तिच्यासाठी हनिफी नावाची लिपी आहे, २०१८ मध्ये ती युनिकोडमध्येही आली, पण ती वाचता येणारे थोडे. म्हणजे आई जी भाषा बोलते तिच्यात मुलासाठी छापील पुस्तक जवळजवळ नाहीच. तिथे पुस्तकापेक्षा गोष्ट सांगणारी आजी महत्त्वाची ठरते. ध्वनिमुद्रण, गाणी, बाहुल्या यांचं काम छापील पानाच्या आधी सुरू होतं.

उलटं उदाहरण आपल्या कोल्हापूरचं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून आलेले पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. सुमारे पाच हजार माणसं. तिथे शाळा भरल्या त्या पोलिश भाषेत. स्काउटची पथकं होती, नाटकं होत होती, लोकनृत्यं होत होती. पंचगंगेच्या काठी पोलंडची शाळा! मुलांना मराठी किंवा इंग्रजी शिकवून मार्गी लावणं सोपं गेलं असतं. पण परत जायचंय या आशेवर जगणाऱ्याची भाषा काढून घेतली तर परतीचा रस्ताच काढून घेतल्यासारखं होतं. पुढे त्यांतले बरेच जण पोलंडला गेलेच नाहीत, इंग्लंडकडे आणि आणखी कुठे कुठे गेले, ही वेगळी गोष्ट.

भाषेच्या या भिंतीला खिडकी पाडायची एक युक्ती आहे: शब्दच नसलेली पुस्तकं. नुसत्या चित्रांतून गोष्ट पुढे सरकते. बालसाहित्याची आंतरराष्ट्रीय संघटना इबी हिने २०१२ पासून देशोदेशींची अशी निःशब्द पुस्तकं इटलीच्या लाम्पेदूसा बेटासाठी जमवली. आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून बोटीने येणारी माणसं त्या बेटावर उतरतात, दहा भाषांची मुलं एका खोलीत असतात. तिथे निःशब्द पुस्तक सगळ्यांना सारखंच कळतं आणि सारखंच अडतं.

ही इबी जन्मली ती अशाच एका उद्योगातून. येला लेपमान नावाची ज्यू पत्रकार नाझींमुळे जर्मनी सोडून गेली होती. युद्ध संपल्यावर ती परत आली, अमेरिकी सैन्याची सल्लागार म्हणून, आणि तिने ठरवलं की बेचिराख शहरांतल्या जर्मन मुलांना भाकरीइतकीच पुस्तकांची गरज आहे. हातात पैसा नाही. तिने वीस देशांना पत्रं लिहिली: तुमची मुलांची उत्तम पुस्तकं फुकट पाठवा. ज्यांच्यावर कालपर्यंत जर्मनीने बॉम्ब टाकले, त्यांनाच! पुस्तकं आली. १९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरलं, १९४९ मध्ये त्यातूनच मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं, १९५३ मध्ये इबी. मला तिची दुसरी एक कृती जास्त आवडते. लढायला नकार देणाऱ्या एका बैलाची परदेशी गोष्ट तिने स्वतः जर्मनमध्ये आणली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३० हजार प्रती छापून वाटल्या. पुस्तक मुलाच्या भाषेत, कागद हलका, किंमत शून्य. आजही कोणी विचारलं तर मी हेच करा म्हणेन.

आणि आज ते तेव्हापेक्षा सोपं आहे. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. म्हणजे मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून कोणीही त्या उतरवून घ्याव्यात, आपल्या भाषेत कराव्यात, छापाव्यात. एरवी दुकानातल्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटणं बेकायदा असतं, इथे तो प्रश्न येत नाही. आम्ही तिथली चार गोष्टींची पानं घेतली आणि सुरगाण्याच्या एका ताईकडून कोकणा या तिकडच्या आदिवासी बोलीत सांगून घेतली. मराठी ओळीखाली कोकणा ओळ. मध्ये दोन पिना मारल्या, झालं पुस्तक.

त्या पुस्तकाचं पहिलं वाचन मला चित्रासारखं आठवतं. बागेच्या शेडमध्ये, औषधाच्या रिकाम्या ड्रमशेजारी सतरंजी. आम्ही पुस्तकं मांडली तर कोणी हात लावेना. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उठली, ड्रमातल्या पाण्याने हात धुतले, फ्रॉकला पुसले, तरी ओले वाटले म्हणून हाताच्या पाठीने पान उलटलं. मग बाकीची आली. एका मुलाला आमच्यातल्या एकाने सवयीने म्हटलं, "वाच बरं." मुलाने पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने आमच्यातल्या दुसरीने त्याच्याशेजारी बसून विचारलं, "ही शेळी कुठं चाललीय?" तो म्हणाला, "शेळी नाय, बोकड हाय तो," आणि मग दहा मिनिटं बोकडाबद्दलच बोलत राहिला. पुस्तकात बोकडाला चारच ओळी होत्या.

पोस्टाचा हिशेब

लांब पाठवायचं असेल तर वजन बघा. पोस्टाची १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा आहे, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. चित्रांचं पातळ पुस्तक शंभर ग्रॅमचं धरलं तर पाच किलोत पन्नास पुस्तकं, म्हणजे पुस्तकामागे दोन-अडीच रुपये. पार्सल रस्त्याने-रेल्वेने जातं, वेळ लागतो. पावसाळ्यात आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, मग खोक्यात. आणि खोकं लहानच ठेवा. टीव्हीच्या खोक्यात भरलेली पुस्तकं उचलायला चार जण लागतात आणि पोचेपर्यंत तळ फाटतो, हे आम्ही स्वतः पाठ दुखवून शिकलोय. परदेशातल्या छावणीत मात्र खोकी धाडूच नका. तिथे काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या, ते तिथल्या भाषेत तिथेच छापतील.

रंग, माती, पतंग

पुस्तकाबरोबर चित्रकला, नाटक, गाणी का? विरंगुळा म्हणून, हे अर्धं उत्तर. १९९९ मध्ये कोसोव्होतून पळालेली मुलं अल्बानियाच्या छावण्यांत होती, तेव्हापासून युनिसेफ 'बालस्नेही जागा' उभारतं: छावणीत मुलांसाठी राखलेला एक कोपरा. तिथला सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वेळापत्रक. ज्याच्या आयुष्यातलं सगळं एका रात्रीत बदललं, त्याला मंगळवारी चार वाजता तीच ताई, तीच सतरंजी, तेच सुरुवातीचं गाणं मिळतं. त्या दिवशी काय बनवलं याला फार महत्त्व नाही. म्हणून वर्षातून एकदा बसभर स्वयंसेवक नेऊन जल्लोष करण्यापेक्षा एका माणसाने दर आठवड्याला जाणं कितीतरी बरं. जल्लोषाचे फोटो चांगले येतात, एवढंच.

फोटोंचं निघालंच आहे तर, निर्वासित मुलाचा चेहरा फेसबुकवर टाकू नका. त्याचे काका-मामा अजून तिकडेच असतील आणि फोटो कोण पाहतंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

दुसरं, "तुझ्या घराचं चित्र काढ" असं सांगू नका. आपल्याला वाटतं मन मोकळं होईल. पण आपत्तीत मानसिक आधार देण्याची पहिली शिकवणच ही की खोदून विचारायचं नाही. मूल स्वतःहून घर काढेल तेव्हा काढेल. आमच्याकडची बहुतेक मुलं ट्रक काढतात.

फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार १९४२ ते १९४४ आजच्या चेकियातल्या टेरेझिनला, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, कैदेत होती. तिथे तिने शेकडो मुलांना चित्रकला शिकवली, कचऱ्यातले फॉर्म, पुड्यांचे कागद वापरून. आठवणी काढा असं न म्हणता ती रेषा, लय, समोरच्या वस्तू यांचे रीतसर धडे द्यायची आणि चित्रावर नाव घालायला लावायची. जिथे माणसाचा नंबर झालेला, तिथे नाव! ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत तिला मारलं. त्याआधी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली गेली होती, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत.

साहित्याला पैसा लागत नाही. भेंडीचे ठसे, विटकरीचा रंग, गेरू, चिकणमाती, जुन्या साड्यांच्या चिंध्या. येवल्याच्या पतंगांनी सगळ्या जिल्ह्याला वेड लावलंय, तेव्हा कागद, कामटी आणि खळ घेऊन बसलात तर कोणत्याही भाषेचं मूल शेजारी येऊन बसतं. पेठ-सुरगाण्याच्या मुलांना तर बोहाड्यातली, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवातली, सोंगं ठाऊकच असतात. पुठ्ठ्याचा मुखवटा तोंडावर चढला की एरवी गप्प असणारं पोर खणखणीत बोलायला लागतं, हे मी दोनदा पाहिलंय. आणि केलेली वस्तू मुलाकडेच ठेवा. प्रदर्शनासाठी काढून घेतली की पुढच्या वेळी ते मन लावून करत नाही.

परत येणारी पुस्तकं मोजत बसू नका. काही पालाबरोबर पुढच्या गावाला जातात, एक-दोन चुलीत जातात, एका पुस्तकाची पानं आम्हाला झोपडीच्या कुडाला चिकटवलेली दिसली, सगळी क्रमाने.

या आठवड्याची पेटी भरून दाराशी ठेवलीय. मागच्या खेपेला मुकादमाची बायको पेटीत डोकावून गेली होती. मुलांची पुस्तकं चाळली, ठेवली, आणि निघताना विचारलं, "मोठ्या मान्सांसाठी नाय का काय? अक्षर मोठं असंल असं?" चौथीपर्यंत शिकलेली होती. तशी तीन मिळालीत, वर ठेवलीत.